जुना ट्रॅक्टर: कंपनीचं किती, गॅरेजचं किती?

पलूस तालुक्यातल्या एका वस्तीवर, गोठ्यामागं कडब्याच्या गंजीला टेकून एक जुना लाल मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर उभा होता. मालक म्हणत होता, "कंपनीतनं आला तसाच हाय, एक नट हललेला न्हाई." मी बोनेट उघडलं. रेडिएटरच्या वरच्या टाकीला एक आणि खालच्या टाकीला एक, अशा दोन नळ्या पितळेचा डाग देऊन बसवलेल्या होत्या. त्यांच्या तोंडात लाकडी खुंट्या ठोकलेल्या. मागं येऊन बघतो तर मडगार्डला भोक पाडलेलं, आणि त्यातून आलेली सळई पार थ्रॉटलपर्यंत गेलेली. माझा चेहरा पडला. बरोबर आणलेला म्हातारा मिस्त्री मात्र खूश दिसत होता.

"पावणं, आधी ह्यानं काय काम केलंय ते बघा. मग कुठं कापलाय ते आपोआप दिसंल."

त्या ट्रॅक्टरनं काही वर्षं नांगर कमी ओढला होता आणि गुऱ्हाळाचा चरक जास्त फिरवला होता. दिवसभर एकाच जागी उभं राहून मागं पट्टा फिरवायचा म्हणून शेजारी पाण्याचा ड्रम ठेवून तो रेडिएटरला जोडलेला. चरकाजवळच्या माणसाला तिथूनच वेग कमी-जास्त करता यावा म्हणून ती सळई. नळ्या, भोक आणि सळई ही तीन कोडी वाटत होती, त्यांचं उत्तर एकच निघालं.

पुढं जे लिहितोय ते सगळं या एका सवयीवर उभं आहे. फेरफार दिसला की "कुणी वाट लावली?" असं विचारण्याआधी "कशासाठी केला असेल?" असं विचारायचं. आपल्याकडं त्याची कारणं मोजकीच आहेत: ऊस वाहतूक, द्राक्षबाग, मळणी, गुऱ्हाळ, विहिरीवरचा पंप आणि सुटा भाग न मिळणं.

शिवाय सांगली-सातारा भागात फेरफार ओळखणं थोडं जास्तच अवघड जातं, कारण काम चांगलं झालेलं असतं. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासूनचा, साताऱ्याकडं कूपरची इंजिनं बनायची, आणि आज कुपवाड, सातारा एमआयडीसीत फाउंड्री आणि लेथ यांची कमी नाही. इथल्या टर्नरनं केलेला भाग कंपनीच्या भागाशेजारी ठेवला तर पटकन फरक कळत नाही.

बरोबर काय न्यायचं

बॅटरी (टॉर्च), लोहचुंबक, मोजपट्टी, व्हर्नियर, खडू, तारेचा ब्रश, डिझेलची बाटली, जुनं फडकं, पांढरा कागद, मऊ पेन्सिल आणि पान्यांचे दोन संच: एक एमएमचा, एक इंची. आटे मोजायचं थ्रेड गेज असेल तर उत्तमच. इंजिनाच्या फेऱ्या मोजायचा, हातात धरायचा डिजिटल टॅकोमीटर स्वस्तात मिळतो, तो घ्या; जुन्या ट्रॅक्टरचं मीटर चालू सापडलं तर नशीब समजा. त्या मॉडेलचं मॅन्युअल किंवा पार्ट्स बुक मोबाइलमध्ये आधी उतरवून ठेवा, वस्तीवर रेंज असेलच असं नाही.

आणखी एक. हायड्रॉलिकवर उचललेल्या अवजाराखाली किंवा नुसत्या जॅकवरच्या ट्रॅक्टरखाली डोकं घालायचं नाही. चाकांना दगड लावा, अवजार खाली टेकवा, मग वाका.

आधी कंपनीचे प्रकार माहीत करून घ्या

नवखा माणूस इथंच सगळ्यात जास्त चुकतो. कंपनीनंच वेगळी केलेली गोष्ट त्याला गॅरेजची वाटते.

फर्ग्युसन टीई २० घ्या. १९४६ ते १९५६ दरम्यान इंग्लंडात कॉव्हेंट्रीला बनलेला हा राखाडी ट्रॅक्टर. डॅशवरच्या पाटीवर नंबराआधीची अक्षरं वाचा. टीईए म्हणजे पेट्रोल, टीईडी म्हणजे पेट्रोलवर चालू करून रॉकेलसारख्या तेलावर चालणारा, टीईएफ म्हणजे डिझेल. टीईडीच्या टाकीत पेट्रोलसाठी वेगळा छोटा कप्पा असतो. तो बघून "कुणीतरी टाकी जोडली" म्हणू नका. तसंच टीईसी ही अरुंद आवृत्ती आणि टीईके ही तर खास द्राक्षबागेसाठीची. तासगावकडं एखादा चिंचोळा फर्ग्युसन दिसला तर एक्सल कापलाय असं म्हणण्याआधी पाटी पुसून बघा.

दुसरा गोंधळ इंजिनाच्या पाटीचा. मॅसीवर 'सिम्पसन' अशी पाटी दिसली की लोक इंजिन बदललंय म्हणतात. मॅसीत बसणारी पर्किन्सची इंजिनं भारतात चेन्नईची सिम्पसन कंपनीच बनवायची, आणि मॅसी बनवणारी टाफे त्याच उद्योगसमूहातली. जुन्या स्वराजवर किर्लोस्करचं इंजिन दिसलं तर तेही मूळचंच असू शकतं, स्वराजला इंजिनं किर्लोस्करकडून येत. महिंद्राच्या बी-२७५ वर 'इंटरनॅशनल' लिहिलेले भाग दिसतात, कारण तो १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर काढलेल्या कंपनीचा ट्रॅक्टर.

तिसरं, चाकांतलं अंतर. फर्ग्युसन आणि मॅसी ३५ चा पुढचा एक्सल तीन तुकड्यांचा असतो. बोल्ट काढून चार-चार इंचांनी रुंद किंवा अरुंद करता येतो. मागं रिंग आणि डिस्क उलटसुलट बसवून तेच साधतं. ही कंपनीची सोय आहे, फेरफार नव्हे.

इंजिन: जोड कुठं आहे?

अशा बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांना ट्रकसारखी चासी नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हौसिंग एकमेकांना बोल्टनं जोडलेलं असतं आणि तेच ट्रॅक्टरचा कणा असतं. त्यामुळं दुसरं इंजिन बसवायचं तर इंजिन आणि बेल हौसिंग (क्लचभोवतीचं ओतीव कवच) यांच्या मध्ये एक जाड प्लेट घालावीच लागते. ती प्लेट शोधा. डिझेलनं जोड धुवा आणि बाजूनं बॅटरी मारा. दोन ओतीव भागांच्या मध्ये कापलेल्या पोलादाची गुळगुळीत कड दिसली तर समजा इंजिन पाहुणं आहे.

प्लेट दिसली नाही तरी बाकीचे भाग चहाडी करतात. इंजिन लांब असेल तर रेडिएटर पुढं सरकतो, म्हणजे बोनेटला तुकडा जोडावा लागतो आणि स्टेअरिंगच्या लांब दांड्याला मध्येच वेल्डिंग येतं. पंखा रेडिएटरच्या मधोमध राहत नाही. सायलेन्सरचं बोनेटमधलं भोक अंडाकृती झालेलं असतं. रेडिएटरच्या नळ्या दोन वेगवेगळ्या जाडीच्या तुकड्यांच्या असतात. यातल्या एकट्या-दुकट्या खुणेवर जाऊ नका, तीन एकत्र दिसल्या तर मात्र शंका ठेवा.

सिलिंडर मोजायची सोपी पद्धत म्हणजे हेडवरचे, डिझेल फवारणारे नोझल मोजणं; सिलिंडरला एक. नावांतही आकडे दडलेले असतात. पर्किन्स ३.१५२ म्हणजे ३ सिलिंडर आणि १५२ घन इंच, म्हणजे साधारण अडीच लिटर. बी-२७५ चं मूळ इंजिन बीडी-१४४: चार सिलिंडर, १४४ घन इंच, थंडीत चालू व्हायला ग्लो प्लग असलेलं. बी-२७५ च्या बोनेटखाली तीनच नोझल दिसले तर पुढचं बोलणं मालकाशी चहा घेत घेत करा.

सगळेच पाहुणे गॅरेजचे नसतात, हेही सांगायला हवं. इंग्लंडात फर्ग्युसनमध्ये पर्किन्स पी-३ डिझेल बसवायचे तयार संच त्या काळी विकले जात. असं जुनं किट नीट बसवलेलं सापडलं तर माझ्या मते ते मूळ इंजिनाइतकंच जपण्यासारखं आहे.

पान्याची परीक्षा

ही माझी सगळ्यात आवडती. इंग्लिश वळणाच्या मॅसी, फर्ग्युसन, बी-२७५ या गाड्यांचे बोल्ट इंची. झेटर या चेक कंपनीच्या घराण्यातल्या, म्हणजे एचएमटी २५११ सारख्या गाड्यांचे बोल्ट एमएमचे. आता गंमत बघा: पाऊण इंची डोक्याला १९ चा पाना चपखल बसतो, अर्ध्या इंचीला १३ चा थोडा सैल बसतो. म्हणजे या दोन मापांवरून काहीच सिद्ध होत नाही. खरी परीक्षा ९/१६ ची. हे माप १४.३ एमएम येतं, म्हणजे १४ चा पाना जात नाही आणि १५ चा डुलतो. मूळच्या ३/८ बोल्टांचं डोकं हेच असतं. अशा ट्रॅक्टरवर एखाद्या झाकणाचे सगळे बोल्ट ९/१६ चे आणि शेजारच्या झाकणाचे सगळे १७ चे निघाले, तर दुसरं झाकण कधीतरी उघडलं आणि नव्यानं आटे पाडून बसवलं.

एकच बोल्ट वेगळा असेल तर तो हरवला होता, एवढंच. आख्खी रांग वेगळी असेल तर आत काम झालंय.

ओतीव भाग वाचायला शिका

कंपनीच्या ओतीव भागावर उठावाची अक्षरं असतात: पार्ट नंबर, फाउंड्रीची खूण, कधी तारखेचा संकेत. फोर्डच्या १९६५ नंतरच्या इंग्लंड-अमेरिकेतल्या ट्रॅक्टरांवर तारीख कशी वाचायची ते ठरलेलं आहे: पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस. म्हणजे ८सी१२ असं असेल तर आठनं संपणारं वर्ष, मार्च महिना, १२ तारीख. ब्लॉक, गिअरबॉक्स आणि मागचं हौसिंग यांच्या तारखा काही आठवड्यांच्या अंतरानं असतील तर ट्रॅक्टर एकसंध. वर्षांचं अंतर असेल तर दोन ट्रॅक्टरांचा एक झालाय.

इथं ओतलेला भाग बहुतेक वेळा बिनअक्षरी असतो, किंवा नमुन्यावरून साचा काढल्यामुळं अक्षरं पुसट आणि गोलसर उमटतात. वाळूची खरखर जास्त दिसते. मात्र बेअरिंग बसतं ती जागा आरशासारखी असते, कारण लेथचं काम आपल्याकडं पक्कं. बिनअक्षरी भाग वाईट असतोच असं नाही. माझ्याकडच्या एका ट्रॅक्टरला असं झाकण आहे आणि ते मूळच्यापेक्षा कमी गळतं.

बिडाच्या हौसिंगवरचं वेल्डिंग मात्र हलक्यात घेऊ नका. ब्रशनं घासा, डिझेल लावा, पुसा आणि पाच मिनिटं थांबा. चीर असेल तर आत मुरलेलं डिझेल बारीक रेषेसारखं परत वर येतं.

ऊस ओढल्याच्या खुणा

इथं थोडं थांबतो, कारण आपल्या भागातले निम्मे फेरफार उसाचे. कारखाना सुरू झाला की ट्रॅक्टर फडातून काट्यापर्यंत दोन ट्रॉल्या ओढतो. मागं एवढं वजन आलं की पुढचं उचलतं. म्हणून बंपरवर वजन येतं: ओतीव ठोकळे, कधी काँक्रीट, कधी भंगारातला रूळ. वजन काढून ठेवलं असेल तरी पुढच्या सपोर्टवर घासलेले पट्टे आणि जादा भोकं राहतात. पुढच्या एक्सलच्या मधल्या पिनेची भोकं लांबट झालेली असतात.

मागं बघा. ड्रॉबारखाली (ट्रॉली अडकवायच्या खालच्या दांड्याखाली) दुहेरी पट्टी, एक्सल हौसिंगला वेल्ड केलेले कोन, झिजून चकचकीत झालेला हुक. मागच्या हौसिंगचे बोल्ट नवे आणि जाड असतील तर जुने ताणून तुटले होते.

एक फेरफार मात्र दिसला की लगेच काढून टाकायचा: ट्रॉलीचा हुक वर, टॉप लिंकच्या, म्हणजे अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या, जागेजवळ घेतलेला. ओढ एक्सलच्या मध्याच्या वर गेली की चढावर ट्रॅक्टर पुढून उठून चालकाच्या अंगावर मागं उलटतो. हुक ड्रॉबारवर, खालीच हवा. "वीस वर्षं असंच चाललंय" हे ऐकून घ्यायचं नाही.

शंभर मीटरची परीक्षा

रस्त्यावर पळावा म्हणून क्राऊन-पिनियन (मागच्या एक्सलला फिरवणारी गिअरची जोडी) बदललंय का, गिअर बदललेत का, की नुसते टायर मोठे आहेत? गिअरबॉक्स न उघडता हे कळतं.

सपाट रस्त्यावर १०० मीटर मोजा. टॅकोमीटर क्रँक पुलीवर धरून इंजिन १५०० फेऱ्यांवर पक्कं करा. प्रत्येक गिअरमध्ये आधीपासून वेग धरून ते अंतर किती सेकंदांत कापलं ते लिहा. ३६० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. २० सेकंद लागले तर वेग १८. हे आकडे मॅन्युअलच्या तक्त्याशेजारी मांडा, तक्ता वेगळ्या फेऱ्यांचा असेल तर त्या प्रमाणात बदलून.

सगळे गिअर सारख्याच टक्क्यांनी पुढं असतील तर दोष शेवटच्या टप्प्यात आहे, टायरमध्ये नाहीतर क्राऊन-पिनियनमध्ये. टायरला खडूची रेघ मारा, एक फेरा पुढं न्या आणि जमिनीवरचं अंतर मोजा. १२.४-२८ च्या जागी १३.६-२८ घातले असतील तर चार-पाच टक्के त्यातच गेले. त्याहून जास्त फरक उरला तर आत क्राऊन-पिनियन वेगळं आहे. आणि एक-दोनच गिअर वेगळे लागले, बाकीचे बरोबर, तर गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या मॉडेलचे गिअर आलेत. सगळे पुढचे गिअर मागं आणि मागचे पुढं धावत असतील तर हसू नका. क्राऊन दुसऱ्या बाजूनं बसवला की असंच होतं, आणि मागं तोंड करून चालवायच्या यंत्रासाठी ते मुद्दामही केलेलं असतं.

पीटीओ आणि हायड्रॉलिक

पीटीओ म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या यंत्राला देणारा शाफ्ट. तो नेहमीचा सहा खाचांचा, १ ३/८ इंच, म्हणजे जवळपास ३५ एमएम. टीई २० चा मूळ शाफ्ट त्याहून बारीक, १ १/८ इंच. त्यावर नळकांडं चढवून जाड केलेला असेल तर तो जुना आणि सर्रास होणारा बदल. त्या नळकांड्याची पिन तेवढी तपासा. मागून पाहताना शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरला पाहिजे. मॅसी ३५ वर इंजिन १५०० ला असताना पीटीओ ५४० च्या आसपास यायला हवा. मोजताना सैल कपडे, पंचा, उपरणं दूर ठेवा.

हायड्रॉलिकला बाहेरची नळी काढलेली असेल तर ती डंपिंग ट्रॉलीसाठी. ती कुठून घेतली ते बघा. फर्ग्युसनच्या पद्धतीत पंप मागच्या हौसिंगच्या पोटात, गिअरच्याच तेलात असतो. ट्रॉलीचा जॅक पूर्ण उघडला की ते तेल बाहेर जातं आणि आत पातळी खाली येते. नीट विचार करणारा मिस्त्री वेगळी टाकी आणि वेगळा पंप देतो. मडगार्डवर लिव्हर आहे पण टाकी कुठंच दिसत नाही, तर गिअरबॉक्सचा आवाज कान देऊन ऐका.

वायरिंग आणि रंग

डायनामोच्या जागी अल्टरनेटर ही सोय झाली, त्यावर वेळ घालवू नका. सेल्फचं मात्र बघा. टीई २० ला वेगळं बटण नसतं. गिअरचा लिव्हर 'एस' खुणेवर नेला तरच सेल्फ फिरतो, म्हणजे गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर चालू होऊच शकत नाही. मॅसी ३५ ला हीच सोय हाय-लो लिव्हरच्या मधोमध आहे. डॅशवर दुचाकीचं बटण लावलेलं दिसलं तर ही सुरक्षा गेलेली आहे. परत बसवा.

रंगासाठी बॅटरीच्या ट्रेखाली किंवा डॅशमागं ओल्या पॉलिश पेपरनं रुपयाएवढा गोल हलक्या हातानं घासा. थर झाडाच्या वर्तुळांसारखे दिसतात. लाल मॅसीखाली निळा निघाला तर तो पत्रा दुसऱ्या घरचा आहे. लोहचुंबक जिथं सैल पडेल तिथं लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

नंबर आणि कागद

चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल फिरवा, आरटीओत घेतात तसा ठसा घ्या. डोळ्याला न दिसणारं कागदावर दिसतं: घासून खोल झालेली जागा, वाकडा अंक, वेगळ्या वळणाचा ३ किंवा ८. तो ठसा आणि आरसी बुक शेजारी ठेवा.

नंबरप्लेटही बोलते. एमएच मालिका १९८९ च्या सुमाराची. त्याआधी महाराष्ट्रात 'एम'नं सुरू होणारी तीन अक्षरं असत. सत्तरच्या दशकातल्या ट्रॅक्टरवर सांगलीचा १०, साताऱ्याचा ११ किंवा कराडचा ५० दिसला तर तो नंतर नोंदवलाय. का नोंदवला ते विचारा. लिलाव, परराज्यातून आणणं, हरवलेले कागद, यातलं काहीही असू शकतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं कंपनीच्या मूळ नोंदीपासून वेगळा करणारा बदल मनाला येईल तसा करता येत नाही, इंजिन बदलायचं तर परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. इंजिन पाहुणं आहे आणि आरसीवर जुनाच नंबर आहे, तर किंमत कितीही पाडली तरी मी घेत नाही.

सापडलेल्या फेरफाराचं काय करायचं?

मी वहीत चार खाने करतो: कंपनीचा प्रकार, त्या काळचं किट, गरजेपोटी केलेलं काम आणि फसवणूक. काही तोडण्याआधी प्रत्येक भागाचे मोजपट्टीसकट फोटो काढतो. मालकाच्या घरातल्या वयस्कर माणसाला गाठतो आणि "फेरफार कुणी केला?" न विचारता "ह्यानं काय काय कामं केली?" असं विचारतो. पहिल्या प्रश्नाला लोक गप्प होतात, दुसऱ्याला तासभर बोलतात.

सगळं मूळपदावर आणायचा अट्टहास मला पटत नाही. ४ जानेवारी १९५८ ला एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते पट्टे चढवलेल्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरच. ते पट्टे काढून चाकं लावली असती तर त्या ट्रॅक्टरांचं काय उरलं असतं?

पलूसचा तो मॅसी मी घेतला. वर घेतलेला हुक त्यालाही होता, तो कापला. पीटीओचं बेअरिंग बदललं. ते अपेक्षेप्रमाणं पार खाल्लेलं होतं. रेडिएटरवरच्या दोन नळ्या तशाच ठेवल्यात, फक्त लाकडी खुंट्या काढून पितळी टोपणं लावली. खालचं टोपण अजून थेंब-थेंब गळतं, रविवारी परत आटे पाडायचेत.